जॉइंटर : निवड आणि वापर

निवृत्तीनंतर घरच्या सुतारकामात रमलेला मी एवढेच सांगेन की, जॉइंटर घेताना प्रथम त्याच्या मेजांची लांबी पाहावी. हे विजेवर चालणारे रंध्याचे यंत्र. त्यात दोन मेजे असतात व मधोमध फिरणारी पाती. फळी बाहेर पडते ते मेज पात्यांच्या सर्वोच्च बिंदूशी समतल ठेवतात; फळी शिरते ते, जेवढा थर काढावयाचा तेवढे खाली. एका वेळी एक मिलिमीटर पुरे. फळीला सरळपणा मिळतो तो या मेजांमुळेच. म्हणून त्यांच्या एकूण लांबीच्या दुपटीहून लांब फळी सरळ होण्याची अपेक्षा धरू नये.

फळीची खोलगट बाजू खाली ठेवून ती आधी सपाट करावी. मग तीच उभ्या आधारपट्टीला टेकवून कड काटकोनात आणावी व गुण्याने तपासावी. समोरची बाजू समांतर करणे मात्र थिकनेसरचे काम.

पात्यांवरचे झाकण काढू नये. फळी लाकडी ठोकळ्याने पुढे सारावी. तीनशे मिलिमीटरहून आखूड तुकड्यासाठी हातरंधा आहेच. फळी बिघडली तर दुसरी मिळते, बोट मिळत नाही.