साखळी व साखळीचक्रे, मोटारसायकलीची

साखळी व साखळीचक्रे, मोटारसायकलीची : मोटारसायकलीच्या दंतचक्र पेटीतून बाहेर येणाऱ्या दंडावरील लहान चक्राकडून मागील चाकाच्या तुंब्यावरील मोठ्या चक्राकडे शक्ती वाहून नेणारी रूळ साखळी आणि तिच्याशी जुळणारी ही दोन दंतुर चक्रे. या तिन्हींच्या संचास कारागीर ‘चेन-सेट’ म्हणतात. झीज झाल्यावर हा संच बदलणे हे दुरुस्तीतील नेहमीचे काम असले, तरी त्यातील लहानशी चूक घाटरस्त्यावर प्राणावर बेतू शकते.

आजच्या रूळ साखळीचे मूळ रूप मँचेस्टर येथील हॅन्स रेनॉल्ड या स्विस वंशाच्या अभियंत्याने १८८० मध्ये एकस्वाखाली आणले. तीत आतील व बाहेरील पट्ट्यांच्या जोड्या आलटून पालटून असतात. बाहेरील पट्ट्यांत खिळी घट्ट बसविलेल्या असून त्या आतील पट्ट्यांना जोडणाऱ्या बुशांमध्ये फिरतात व बुशावर मोकळा रूळ असतो. लागोपाठच्या दोन खिळींच्या मध्यांतील अंतरास अंतराल म्हणतात. भारतातील लहान मोटारसायकलींवर सर्वत्र आढळणाऱ्या ४२८ क्रमांकाच्या साखळीचा अंतराल १२·७ मिमी., तर ५२० व ५३० क्रमांकांच्या साखळ्यांचा १५·८७५ मिमी. असतो. चक्रे व साखळी एकाच क्रमांकाची असावी लागतात.

झीज : ‘साखळी ताणली गेली’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात पट्ट्या जवळजवळ ताणल्या जात नाहीत. खीळ व बुश एकमेकांवर घासून झिजतात आणि प्रत्येक सांध्यात किंचित पोकळी निर्माण होते. ११० कड्यांच्या साखळीत दर सांध्याला केवळ ०·१ मिमी. झीज झाली, तरी एकूण लांबी ११ मिमी. वाढते. वाढलेला अंतराल चक्राच्या दातांशी जुळत नाही, रूळ दातांच्या टोकांकडे सरकतात आणि दात एका बाजूस वाकलेल्या आकड्यासारखे दिसू लागतात. नव्या ४२८ साखळीचे २० अंतराल २५४ मिमी. भरतात. साखळी ताणून धरून मोजल्यास हे माप २५९ मिमी.वर गेले, म्हणजे वाढ सुमारे २ टक्के झाली, तर ती बदलण्यास आली असे समजतात. मोठ्या चक्राच्या मागील टोकाशी साखळी बोटांनी ओढून पाहिली असता अर्धा दात उघडा पडत असेल, तर मोजमापाचीही गरज उरत नाही.

कर्जत व खालापूर तालुक्यांत ही झीज लवकर होते. येथे पावसाळ्यात ३,००० मिमी.पेक्षा अधिक पाऊस पडतो; वाड्यावस्त्यांकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांवरील चिखलात बारीक कंकर असतात व ते वंगणात मिसळून घासकाचे काम करतात. त्यातच चढाचा भार येतो. पळसदरी हे कर्जत-खोपोली लोहमार्गावरील स्थानक बोरघाटाच्या पायथ्याशी आहे. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या घाटातील लोहमार्गावर सु. ३७ स १ असा चढ असल्याने गाडीला मागून जादा एंजिने लावावी लागतात. मोटारसायकलीला अशी मदत नाही. द्रुतगती मार्ग दुचाकींना बंद असल्यामुळे खंडाळ्याकडे जाणाऱ्या चालकास खोपोलीहून जुन्या रस्त्यानेच चढावे लागते आणि चढाचा सर्व ओढा साखळीच्या वरच्या पदरावर येतो. उतारावर एंजिनाने वेग रोखताना तोच ओढा खालच्या पदरावर जातो. अशा वेळी साखळी तुटल्यास एंजिनाचा रोध नाहीसा होतो. तुटलेला पदर लहान चक्रापाशी गोळा होऊन एंजिनाचे आवरण फोडू शकतो किंवा मागील चाक जखडून टाकतो.

साखळी, पुढचे व मागचे चक्र ही तिन्ही एकदम बदलणे इष्ट असते. झिजलेल्या दातांवर नवी साखळी घातल्यास ती अल्पावधीतच जुनीच्या वाटेने जाते. झिजलेल्या साखळीची दोन कडी काढून ती पुन्हा घट्ट करण्याचा उपाय स्वस्त वाटतो, परंतु त्याने अंतराल सुधारत नाही, केवळ दोष झाकला जातो.

बसविणी : जुनी साखळी चढलेली असतानाच पुढच्या चक्राचा नट वा बोल्ट सैल करतात, गाडी गिअरमध्ये ठेवून मागचा ब्रेक दाबल्यास दंड फिरत नाही. साखळी आधी काढली तर हा आधार जातो व कारागीर चक्रात पहार अडकवू लागतो. नंतर सांध्याची कडी, म्हणजेच ‘चेन लॉक’, उघडून साखळी काढतात आणि मागील चाक उतरवितात. मोठे चक्र काढल्यावर तुंब्यातील रबरी ठोकळे (ड्रम रबर) व धारवे तपासावेत; ठोकळे चुरले असल्यास नव्या साखळीलाही झटके बसतात. नव्या चक्राचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळून कुलूपपट्ट्या दुमडतात.

नवी साखळी जुनीशी लांबी ताडून कापू नये, कारण जुनी वाढलेली असते, कडी मोजावीत. कड्यांची संख्या सम असावी लागते, अन्यथा अर्धी कडी घालावी लागते व ती दुबळी असते. साखळीची दोन्ही टोके मोठ्या चक्राच्या दातांवर बसवून सांधा जोडणे सोपे जाते. सांध्यावरील टिकलीची बंद बाजू साखळीच्या गतीच्या दिशेस असावी. उलट बसलेली टिकली एखाद्या अडथळ्याला घासून निघते. साखळी निसटण्याचे हे एक अगदी टाळता येण्याजोगे कारण आहे. अधिक शक्तीच्या गाड्यांवर टिकलीऐवजी रिव्हेट केलेली कडी वापरतात.

मागील फाट्यावर, कारागिरांच्या भाषेत चिमट्यावर, दोन्ही बाजूंस खुणा असतात. आस दोहोंकडे सारख्याच खुणेवर आणावा, नाहीतर चक्रे एका रेषेत न राहता साखळी दातांच्या बाजू खाते. खालच्या पदराच्या मध्यावर साधारण २० ते ३० मिमी. सैलपणा ठेवतात, निर्मात्याने वेगळे माप दिले असल्यास तेच पाळावे. चाक फिरवून साखळी जेथे सर्वांत घट्ट येते, तेथे हे माप घ्यावे. चिमट्याची धुरी व लहान चक्र यांचे मध्य एक नसल्यामुळे चिमटा खालीवर होताना चक्रांमधील अंतर बदलते. रिकाम्या गाडीवर ‘टाइट’ केलेली साखळी दोन माणसे व दुधाच्या किटल्या चढल्यावर ताठ होऊन दंडाच्या धारव्यावर भार टाकते. शेवटी आसाचा नट आवळून नवी स्प्लिट पिन घालतात. चाक सरकल्याने ब्रेकच्या दांड्याचे अंतरही बदलते. ते जुळविल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये.

दातांचे प्रमाण : पुढे १४ व मागे ४२ दात असल्यास गुणोत्तर ३ होते. पुढचा एक दात कमी केल्यास ते ३·२३ होते. मागे तीन दात वाढविल्यास ३·२१. चढासाठी ओढ वाढते, मात्र सपाटीवर एंजिन अधिक फेरे घेते व इंधन अधिक लागते. लहान चक्रावर साखळी अधिक वाकते, म्हणून झीजही वाढते. घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना हा बदल आकर्षक वाटतो, पण नेहमीच्या प्रवासाचा विचार करता मूळ प्रमाण सहसा बरे.

वंगण : १९८५ मध्ये आलेल्या हीरो होंडा सीडी १०० या गाडीची साखळी पूर्ण बंद आवरणात होती, जावा गाड्यांवरही असे आवरण असे. साखळी उघडी असलेल्या गाड्यांवर वंगण दर ५०० किमी.च्या सुमारास, पावसात भिजल्यावर त्याहून लवकर द्यावे. साखळी केरोसीनने पुसून, वाळवून, खालच्या पदराच्या आतील बाजूस गिअर तेल सोडतात. खीळ व बुश यांच्यामध्ये ग्रीस कोंडून ठेवणाऱ्या रबरी कड्यांच्या साखळीस पेट्रोल वा तारेचा ब्रश लावू नये. नवा संच बसविल्यानंतर पहिल्या काहीशे किमी.त सांधे बसतात व सैलपणा वाढतो. तेव्हा तो एकदा पुन्हा जुळवावा लागतो.