सौर विद्युत् आणि मनुष्यबळाचे गणित

सौर विद्युत्-उद्योगास किती माणसे लागतील, हे केवळ मेगावॅटांवरून ठरविणे सदोष होय. एका व्यक्तीस वर्षभर पुरेल इतके काम म्हणजे एक मनुष्यवर्ष. भारतातील २०१७ च्या एका अभ्यासानुसार दर मेगावॅटमागे जमिनीवरील मोठ्या प्रकल्पांतून सुमारे ३.५, तर छतावरील संचांतून सुमारे २५ मनुष्यवर्षांचे काम निर्माण होते. छते विखुरलेली असल्याने पाहणी, सांगाड्याची उभारणी व तारजोडणी प्रत्येक घरी नव्याने करावी लागते, हे त्याचे कारण. याउलट मोठ्या प्रकल्पातील बहुतेक काम उभारणीबरोबरच संपते. देखभालीस मोजकी माणसे पुरतात.

२०१५ साली सुरू झालेल्या ‘सूर्यमित्र’ योजनेने ५०,००० तंत्रज्ञांचे लक्ष्य ठेवले होते. परंतु उभारणी संपताच तंत्रज्ञ बेकार होणार असेल, तर अशा संख्येस फारसा अर्थ उरत नाही. २०२४ च्या सूर्यघर योजनेचे लक्ष्य एक कोटी घरांचे आहे. म्हणजे ही मागणी गावोगाव विखुरलेली राहील. ती भागविण्यास औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वीजतंत्र्यास पूरक शिक्षण देणे इष्ट. मुख्य पुरवठा तोडला तरी ऊन असेतो सौरपट्टांत एकदिश दाब राहतो, हे त्याने प्रथम शिकले पाहिजे. तात्पर्य, नियोजनात किती माणसे याबरोबरच कोणते काम, कोठे व किती काळ, याचाही हिशेब हवा.