गळका जोड : पाना आवरा, आटा सावरा

माळेगाव बुद्रुकच्या शिवारात पाणी नीरा डाव्या कालव्याचे असो वा विहिरीचे, ते पाळीनेच मिळते. कधी कालव्याची पाळी, कधी विजेची. असे मोलाचे पाणी लोखंडी आणि प्लास्टिक पाइपाच्या जोडातून गळत असेल, तर त्याखाली तांब्या धरून पाहा. १० मिनिटांत १ लिटर साचले, तर घरच्या टाकीतून दिवसाकाठी १४४ लिटर पाणी वाया जाते.

गळती दिसली की आपण पाना घेऊन आवळत सुटतो. इथेच घात होतो. लोखंडी पाइपाचे आटे टोकाकडे निमुळते असतात. ते पाचरीसारखे आत शिरतात आणि वरचे प्लास्टिकचे सॉकेट ताणून चिरते. शिवाय उन्हात प्लास्टिक लोखंडाच्या सुमारे ५ पट फुगते आणि रात्री आकसते. त्यामुळे घट्ट बसलेला जोडही काही दिवसांनी ठिबकू लागतो.

म्हणून पहिला नियम असा : बाहेरून आटे असलेला तुकडा प्लास्टिकचा घ्या आणि तो लोखंडी सॉकेटात बसवा. उलटे करणे भागच असेल, तर आत पितळी आटे बसवलेले प्लास्टिकचे सॉकेट आणा.

जोड खोलण्यापूर्वी मोटरीचा मेन स्विच बंद करा. जुनी टेप काढा, लोखंडी आटे तारेच्या ब्रशने घासा. चिरलेला तुकडा बदलाच. आट्याचे तोंड आपल्याकडे धरून टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ३-४ वेढे ताणून गुंडाळा. हाताने घट्ट बसवा, मग पान्याने एक-दीड फेरा, बस्स. सुतळी आणि सफेदा लोखंडाला ठीक, पण प्लास्टिकला नको. पाइप चिकटवायचे सोल्युशनही आट्यांना लावू नका. ते लोखंडाला धरत नाही. जड व्हॉल्व्हखाली विटांचा टेकू द्या, नाहीतर सारा भार आट्यांवर येतो.

मोटरीच्या ओढणीकडचा जोड मात्र फसवा. तिथे मोटर चालू असताना पाणी बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते आणि मोटर पाणी सोडते. मोटर पुन्हापुन्हा पाणी सोडत असेल, तर फूटव्हॉल्व्हबरोबर हा जोडही तपासा.

टेपची गुंडाळी घरात असू द्या. पुढच्या पाळीआधी जोड दुरुस्त झाला, तर ते पाणी उसाच्या मुळाशी जाईल.