मज्जातंतूंचे आवरण पुन्हा विणताना

विजेच्या तारेवर जसे वेष्टन असते, तसे आपल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. त्यामुळे मेंदूचे संदेश वेगाने पोहोचतात. मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीत शरीराची संरक्षक यंत्रणाच या आवरणावर हल्ला करते. दृष्टी अंधुक होते, पाय लटपटतात, असह्य थकवा येतो. बाहेरून काहीच दिसत नसल्याने अशा रुग्णास समाज आळशी ठरवतो किंवा दैवाला दोष देतो. १८६८ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी मात्र रुग्णाची लक्षणे आणि मृत्यूनंतर मेंदूत आढळलेले व्रण यांची सांगड घालून या व्याधीचे स्वरूप मांडले.

आजची औषधे हल्ला रोखतात. झालेली हानी भरून काढणे हे पुढचे काम होय. आवरण विणणाऱ्या पेशींच्या पूर्वपेशी प्रौढ मेंदूतही असतात, पण अनेकदा त्यांची वाढ अर्ध्यावर थांबते. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी या पेशी सूक्ष्म शंकूंवर वाढवल्या आणि कोणत्या द्रव्यामुळे त्या शंकूंभोवती आवरण गुंडाळतात, हे तपासले. त्यातून अ‍ॅलर्जीवरील जुने औषध क्लेमास्टिन पुढे आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५० रुग्णांवरील चाचणीत डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारा संदेश किंचित वेगवान झाला.

ही सुधारणा अल्प आहे. हे औषध कोणी स्वतःहून घेऊ नये. तरीही कायमचे गेले असे वाटणारे काही अंशी परत येऊ शकते, याचा मोजलेला पुरावा हाती आला. आपल्या परिचयात असा रुग्ण असल्यास त्यास दोष न देता मेंदूविकारतज्ज्ञाकडे नेणे, हे आम्ही आपल्या सर्वांचे पहिले कर्तव्य मानतो.