संगणक बंद करून लेण्यांकडे

सध्या संगणकापासून सुट्टी घेतलीये आणि सकाळी औरंगाबाद लेण्यांवर जातोय. बीबी का मकबऱ्यापासून जेमतेम दोन किलोमीटर, विद्यापीठामागच्या डोंगरात. स्क्रीन बघताना पापण्यांची उघडझाप कमी होते, डोळे कोरडे पडतात. सतत जवळचं पाहून डोळ्यांचे स्नायूही शिणतात. इथल्या पायऱ्या चढून लांबवर शहराकडे पाहिलं की त्यांना आराम मिळतो.

सातवं लेणं मात्र अगदी सावकाश बघा. सहाव्या-सातव्या शतकातलं काम! दाराशेजारी अवलोकितेश्वर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना संकटात सापडलेली माणसं: आग, बुडणारं जहाज, सिंह, साप, हत्ती. आत नर्तकी, भोवती वाद्यं वाजवणाऱ्या स्त्रिया. अजिंठा-वेरूळ करून लोक इथे न येताच परततात, याचं फार वाईट वाटतं.

काल तिथेच एका काकूंनी ओळखलं. “लेण्यांवर लिहिता ते तुम्हीच ना? तुमचं वाचून सूनबाईला घेऊन आले.” इतका आनंद झाला! दोघींना तिसऱ्या लेण्यात नेलं. तिथे बुद्धासमोर गुडघे टेकलेले भक्त आहेत, जवळजवळ माणसाएवढे.

येणार असाल तर पाणी सोबत ठेवा. १ ते ५ आणि ६ ते ९ या दोन गटांमध्ये बरंच चालावं लागतं.