नकाशावरची रेघ



आम्ही युनियनची माणसे. तोंडी मागणी वाऱ्यावर जाते, हे कारखान्याच्या दारात फार पूर्वी शिकलो. गावाच्या बाबतीत तेच शिकायला मात्र आम्हांला उशीर झाला. एका गावी हमालांच्या वस्तीवरून आराखड्यातला रस्ता जात होता. आम्ही मोर्चा काढला, घोषणा दिल्या. लेखी हरकत एकही दिली नाही. मुदत संपली. रेघ कायम झाली आणि पुढे तिच्याखाली घरे गेली.

ही रेघ येते महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यातून. मेहकरसारख्या नगरपरिषदेचा विकास आराखडा करताना आधी जमिनीच्या चालू वापराचा नकाशा तयार होतो. मग रस्ते, शाळा, बाजार, मैदाने यांसाठी जागा राखून प्रारूप आराखडा बनतो. कलम २६ प्रमाणे तो राजपत्रात सूचना देऊन प्रसिद्ध करावा लागतो, लोकांना पाहावयास ठेवावा लागतो, वाजवी किमतीत त्याच्या प्रती द्याव्या लागतात. सूचनेपासून ३० दिवसांत कोणीही लेखी हरकत घेऊ शकतो. त्यासाठी सातबारा नावावर लागत नाही. भाडेकरूला आणि हातगाडीवाल्यालाही तो हक्क आहे. कलम २८ प्रमाणे नियोजन समितीने त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे.

अशाने काही घडते काय? मुंबईकडे पाहा. २०३४ पर्यंतच्या आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये निघाला. वस्त्यांच्या संघटना, कामगार, वास्तुविशारद यांनी एकत्र बसून तो वाचला, चुका दाखविल्या. हजारो हरकती पडल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो नव्याने तपासावयास लावला. सुधारलेला मसुदा मे २०१६ मध्ये आला.

अखेरची मंजुरी सरकारची, हे खरे. मंजुरीनंतरही झोपून चालत नाही. राखीव जागा १० वर्षांत घेतली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण संपते आणि मुलांचे मैदान जाते.

तेव्हा आराखडा निघेल त्या दिवशी प्रत विकत घ्या. ती हाती धरून पैनगंगेच्या काठाने, गल्लीगल्लीतून हिंडा. पूर कोठवर चढतो, हे म्हाताऱ्यांना विचारा. पाणी कोठून आणावे लागते, हे बायांना विचारा. मग सर्व्हे नंबर घालून हरकत लिहा, सह्या घ्या, अर्ज द्या.

आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नका.