पिंपाची जोडणी आणि योग्य पाना

अमेरिकेत घरगुती वापरासाठी बिअर करण्यास संघराज्याच्या कायद्याने 1978 साली मुभा दिली. पुढे शीतपेयांच्या धंद्यातून बाद झालेली पोलादी पिंपे या छंदिष्टांच्या हाती आली. सुमारे 19 लिटर मावणाऱ्या या पिंपाच्या माथ्यावर दोन तोट्या असतात. एकीतून कार्बन डायऑक्साइड वायू आत जातो आणि दुसरीतून पेय बाहेर येते. प्रत्येक तोटीत स्प्रिंगवर चालणारी लहानशी झडप, तिच्याखाली नळी आणि रबरी कडी असते. कडी झिजली की वायू गळतो. सिलिंडर रिकामा होतो हे नुकसान दिसते. पण बंद, कोंदट खोलीत साठलेला हा वायू जिवावर बेतू शकतो, हे सहसा लक्षात येत नाही. म्हणूनच तोटी खोलून तिची निगा राखणे आवश्यक ठरते.

साधनांची निवड तोटीच्या घडणीवर अवलंबून असते. गोळी-पकडीच्या तोटीला षट्कोनी बूड असते, तर काही तोट्यांचे बूड बारा कोनी असते. माप बहुधा इंचात, 11/16 किंवा 7/8 असे असते. 7/8 इंच म्हणजे 22.2 मिलिमीटर, त्यामुळे 23 मिलिमीटरचा पाना सैल बसतो आणि कोपरे झिजवतो. सरकत्या जबड्याच्या पान्याचाही हाच दोष आहे. कोपऱ्यांना सर्व बाजूंनी धरणारा खोल सॉकेट पाना उत्तम होय. खुंटी-पकडीच्या तोटीला बाजूने खुंट्या असतात: वायूच्या तोटीला दोन, पेयाच्या तोटीला तीन. तिच्यासाठी खाचा पाडलेलाच सॉकेट लागतो. साधा सॉकेट खुंट्यांवर अडतो.

पाना लावण्यापूर्वी वायूची नळी काढून पिंपातील दाब पूर्णपणे सोडून द्यावा. दाब असताना सैल झालेली तोटी गोळीसारखी उडू शकते. दोन्ही तोट्या एकाच वेळी खोलल्यास भागांची अदलाबदल होते, म्हणून एक बसवून झाल्यावरच दुसरी खोलावी.

स्वच्छतेसाठी नळीत जाणारा लांब ब्रश घ्यावा. लोखंडी काथ्या मात्र वापरू नये. त्याचे कण पोलादात रुतून गंज चढतो. क्लोरीनयुक्त द्रावणानेही पोलादावर खड्डे पडतात. कडीला खाद्यपदार्थांसाठी योग्य असे वंगण लावावे. खनिज तेलाच्या वंगणाने काही जातींचे रबर फुगते. आटे प्रथम हाताने जुळवावेत आणि मग पान्याने बेताने आवळावेत. गळती थांबविण्याचे काम कडी करते, मनगटाचा जोर नव्हे. शेवटी वायू भरून जोडावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले, तर काम अपुरे राहिले असे समजावे.